शनिवार तेल्यांचा नबी

आमच्या जामसांवलीत मंगळवारी-शनिवारी गर्दी उसळते. निजलेल्या मारुतीपुढे लोक दुखणाईतांना घेऊन येतात. म्हणूनच असेल, अलिबागकडच्या बेने इस्राएलांचा शनिवार मला जवळचा वाटतो. तेलाचे घाणे चालवणारे हे यहुदी शनिवारी विश्रांतीचा शब्बाथ पाळायचे, घाणा बंद. गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. नौगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष न् सात बाया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. काळाबद्दल इतिहासकार भांडोत.

त्यांचा जीव एलियाहू नबीवर. अहाब राजाच्या पापापायी इस्राएलात पाऊस थांबला. पण तो कोप सांगणाऱ्या नबीला कावळ्यांनी भाकरी न् मांस आणून दिलं, आणि सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलंच नाही. शिक्षा राजाच्या मुलखाला, दया तिच्या चुलीला. आणि बाई तर परमुलखातली! (हे मला फार आवडतं.) अग्निरथातून स्वर्गात जाताना या नबीनं अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर खुणा ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. त्याचा नवस फेडताना गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा होतो, वर फळं.

टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधलं, तेही नवसाचंच म्हणतात. नाव शआर हारहामीम, दयेचं दार. पुढं १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बेने इस्राएल कीर्तनकार मराठीत लावू लागले, अगदी आपल्या हरदासांच्या चालीवर.