जंगलाखालची शिल्लक

आज आमच्या सांगे तालुक्यातल्या खाणींविषयी थोडं लिहितो.

पोर्तुगीज अमदानीत लोहखनिज काढण्याच्या सवलती दिल्या गेल्या. गोवा मुक्त झाला तरी त्या चालूच राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. पुढे १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं जाहीर झाली, आणि काही खाणपट्टे नेमके त्यांच्या हद्दीत आले. जमीन एकच, कागद दोन!

जमिनीखाली माल किती, हे ठरवायची रीत सोपी आहे. ठराविक अंतरावर बोअर मारायचे, थराची जाडी आणि लोहाची टक्केवारी काढायची, क्षेत्रफळ आणि घनता यांनी गुणून टन मांडायचे. हिशेब चोख असतो, पण एकाच बाजूचा. गोव्यातलं खनिज बऱ्याच ठिकाणी भूजलाच्या पातळीखाली आहे. ते काढायचं तर आधी पाणी उपसावं लागतं. मग वरच्या झरी आटतात, कुळागरं सुकतात. नेत्रावळीचं जंगल साळावली धरणाला पाणी पुरवतं, आणि अर्धा गोवा ते पितो. हे पाणी टनांच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

२००० नंतर चीनची मागणी वाढली. मी तेव्हा शाखेत कर्जं बघत होतो. ट्रकसाठी अर्ज आला की विचारायचो, दिवसाला खेपा किती? हप्ता त्यावर बसवायचो. खाण किती वर्षं चालेल, ती अभयारण्यात तर नाही ना, हे मी एकदाही विचारलं नाही. कॉमर्सवाला असून!

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात अभयारण्यात खाणकाम नाही, हे स्पष्ट झालं. बाकी खाणींना वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरणही रद्द झालं. ट्रक दारात गंजले. हप्ते थकले ते मालकांचे नव्हेत, एकेका ट्रकवर घर चालवणाऱ्यांचे. त्यांतल्या काही अर्जांवर सही माझी होती.

निकाल योग्यच होता, असं मला वाटतं. पण त्या ट्रकवाल्यांना हे तोंडावर सांगायचा धीर आजही होत नाही.

सांगे, केपे, सत्तरीकडच्या मंडळींनी आपापल्या आठवणी जरूर लिहाव्यात.