डालडा १३

परवा टीममधल्या एकाने नवा कॅमेरा दाखवत जाहीर केलं, "नोकरी सोडून प्रेस फोटोग्राफर होणार!" खरं सांगू? हेवा वाटला. माझा कॅमेरा कपाटात धूळ खातोय.

मग होमाई व्यारावाला आठवल्या. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. सुरुवातीचे फोटो छापून आले ते चक्क नवऱ्याच्या नावावर! १९४२ साली दिल्ली गाठली. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरत बाईंनी स्वातंत्र्य टिपलं. पुढे गाडीचा नंबर मिळाला डीएलडी १३, म्हणून टोपणनाव 'डालडा १३'. १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला तो कायमचाच. पद्मविभूषण मिळालं थेट २०११ मध्ये.

नावाशिवाय राबायची तयारी आहे का, असं मित्राला विचारणार होतो. आधी स्वतःला विचारलं. उत्तर अजून सापडलेलं नाही, पण बॅटरी चार्जिंगला लावलीय.