रस्त्यांची परस्परजोडणी

शहरातील रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, यावरून ठरणारा मार्गजालाचा गुण. तो मोजताना दर चौरस किलोमीटरमधील चौकांची संख्या, बंद गल्ल्यांचे प्रमाण आणि प्रत्येक मिलनबिंदूतून फुटणाऱ्या फाट्यांची सरासरी पाहतात. चौकाला चार, तिठ्याला तीन आणि बंद गल्लीच्या टोकाला एक फाटा धरतात. सरासरी जितकी मोठी, तितके जाण्यायेण्याचे पर्याय अधिक.

अमेरिका : मॅनहॅटनच्या १८११ च्या आराखड्यात १२ उभे व १५५ आडवे रस्ते एकमेकांना छेदत होते. मोटारी वाढल्यावर अपघातांच्या धास्तीने ही चौकटीची रचना मागे पडली. क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी न्यू जर्सीतील रॅडबर्न (१९२९) येथे घरे बंद गल्ल्यांभोवती मांडली; पादचाऱ्यांसाठी बागेतून स्वतंत्र वाटाही ठेवल्या. १९३० च्या दशकात घरकर्जांना विमा देणाऱ्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने बंद गल्ल्यांची शिफारस केली. महायुद्धोत्तर उपनगरांत गल्ल्या आल्या, पायवाटा मात्र बहुधा वगळल्या गेल्या. त्यामुळे जवळच्या दुकानाला जायलाही मुख्य रस्त्यावरून वळसा पडू लागला. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली व ॲडम मिलार्ड-बॉल यांच्या अभ्यासानुसार (२०१५) नव्या रस्त्यांतील तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोहोचला आणि पुढे कमी होत गेला. जगाचा एकत्रित विचार करता मात्र १९७५ पासून तो वाढत असल्याचे त्यांनी २०२० मध्ये दाखवले.

महाराष्ट्र : प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आधी रस्ते आखले, मग भूखंड दिले. १९१५ च्या नगररचना कायद्याने जमिनी एकत्र करून, रस्त्यांची जागा काढून भूखंडांची फेरवाटणी करण्याची सोय केली. पुण्याभोवतीच्या बाणेर, वाकडसारख्या गावांत मात्र शेतांच्या तुकड्यांवर सुटी सुटी गृहसंकुले उभी राहिली. कुंपणभिंतींमुळे आतले रस्ते शेजारी संकुलाला क्वचितच मिळतात आणि वाहनांचा भार मोजक्या मुख्य रस्त्यांवर येतो.

महत्त्व : जोडणी चांगली असल्यास पायी व सायकलने जाणे सुकर होते, बसमार्ग आखणे सोपे जाते आणि एखादा रस्ता अडला तरी अग्निशामक बंब व रुग्णवाहिका यांना दुसरी वाट मिळते. इमारती पाडून नव्याने बांधता येतात. रस्त्याची आखणी मात्र सहसा बदलत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या मालकीच्या हद्दी तिला जखडलेल्या असतात. म्हणून बांधकाम परवाने देण्याआधीच रस्ते निश्चित करून त्यांची जागा ताब्यात घेणे आवश्यक ठरते. वसलेल्या भागांत निदान दोन संकुलांमध्ये पादचाऱ्यांसाठी वाट खुली केली, तरी अंतरे लक्षणीय घटतात.