परतीचं भाडं: सोलापूरचा जुना हिशोब

सोलापुरातला ट्रकवाला हैदराबादचं भाडं घेतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो: येताना काय भरायचं? गाडी रिकामी आली की जातानाची कमाई डिझेलमध्येच जाते.

हा हिशोब ट्रकच्याही आधीचा आहे बरं का. लमाण तांडे किनाऱ्याकडचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर आणायचे आणि उतरताना धान्य न्यायचे. बैल दोन्ही वेळा भरलेला!

१८६० ला रेल्वे सोलापूरला पोचली, १८६३ ला बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला. लांबचा माल रेल्वेकडे गेला आणि तांड्यांचा धंदा बसत गेला. बैलगाडीवाल्यांना मात्र जवळची नवी लाईन सापडली: बार्शीच्या बाजारपेठेतून कुर्डुवाडी स्टेशन, साधारण ३५ किलोमीटर. मग १८९७ ला तिथंही बार्शी लाइट रेल्वे आली आणि गाड्यांचं तेही भाडं तुटलं.

म्हणजे बघा, लाईन कायमची कुणाचीच नसते. आज मोबाईलवर चांगला रेट दिसला, तरी दोन गोष्टी तपासा: परतीला माल आहे का? आणि ही लाईन उद्या कोण घेऊन जाईल?