गळाची काठी

एखादा मनुष्य फसला म्हणजे तो ‘गळाला लागला’ असे मराठीत म्हणतात. त्यास फसविण्यासाठी ‘आमिष दाखविले’ असेही म्हणतात. भाषेने गळाची आठवण ठेवली, आमिषाची ठेवली. परंतु ज्या काठीवाचून हे दोन्ही पाण्यात नीट पडत नाहीत, तिला मात्र ती विसरली. वस्तुतः मासा लागल्यानंतर सारा भार काठीवरच येतो. या विस्मृत काठीचा इतिहास वऱ्हाडच्या डोंगरांशी निगडित आहे. म्हणून तो वऱ्हाडकरांनी जाणून घेण्याजोगा आहे.

गळ टाकून मासा धरणे हा साहेबांनी आणलेला शोक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. याच्या पित्याच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या, कारकीर्दीतील इ. स. १०८७ चा शिलालेख नागपुरास सीताबर्डी येथे सापडला आहे. त्यावरून विदर्भावरही या घराण्याची सत्ता पोचली होती हे उघड आहे. पाच विंशती आणि शंभर अध्याय अशी या ग्रंथाची मांडणी असून, राजाच्या करमणुकींच्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य, काठी, दोरी, गळ, आमिष आणि लागलेला मासा खेळवून काठाशी आणण्याची रीत, इतक्या गोष्टींचा त्यात विचार आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा भाग बडोद्याहून १९३९ साली छापून निघाला, आणि १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला.

आता काठीच्या द्रव्याकडे वळू. मेळघाटच्या उतरणींवर जो बांबू विपुल उगवतो त्यास मानवेल म्हणतात. ओलसर जमिनीत तो पोकळ राहतो. परंतु कोरड्या, खडकाळ, उन्हाने तापणाऱ्या उतरणीवर त्याचे पोट जवळजवळ भरून येते. अशा भरीव बांबूस लोक ‘नर’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे नाव चुकीचे आहे, कारण या जातीत नर आणि मादी अशी वेगळी झाडे नसतात. भरीवपणा हा केवळ जमिनीचा आणि हवेचा गुण होय. मराठ्यांच्या भाल्यांस अशाच बांबूच्या काठ्या असत, आणि पुढे इंग्रजांच्या भालाईत पलटणींनीही परदेशी लाकूड टाकून हिंदी बांबू पत्करला. भाल्याच्या काठीने वाकावे पण मोडू नये, हीच अपेक्षा गळाच्या काठीकडूनही असते.

मात्र प्रत्येक वेळू काठीस चालत नाही. पावसाळ्यात फुटलेला कोवळा कोंब दिसावयास सरळ असतो, पण वाळला की आक्रसतो. म्हणून तीन वर्षांचा तरी जून वेळू घ्यावा लागतो. पेरे जवळजवळ असावे, बुंधा भरदार असावा आणि शेंड्याकडे जाडी एकसारखी उतरत जावी. तोड कोरड्या ऋतूत करावी. कृष्णपक्षात तोडलेल्या बांबूस कीड लागत नाही असा जुना समज आहे. बांबूच्या अंगात पिष्ट द्रव्य कमी असेल तेव्हा कीड कमी लागते, एवढे मात्र खरे. नंतर वेळू सावलीत वाळवून, मंद आचेवर शेकून त्याची वाकणे काढतात.

काठी कशी हवी हे अखेर नदी ठरविते. अकोला आणि अमरावतीच्या सपाटीतून वाहणारी पूर्णा काळ्या मातीच्या उंच दरडींमधून संथ जाते. तिच्या डोहात मरळ किंवा शिंगटी धरणाऱ्या भोयास साधी, हलकी काठी पुरते. सातपुड्यातील सिपना आणि गडगा या नद्या खडकांवरून उड्या घेत तापीस मिळतात. तापीच्या पाण्यातील महाशीर हा मासा गळ लागताच प्रवाहात एकदम झेप घेतो. त्याच्या जबड्यात कमकुवत गळ चेपून जातो. तेथे शेंडा लवचीक हवा, म्हणजे पहिला हिसका दोरीवर येत नाही. आणि बुंधा बळकट हवा, म्हणजे माशास खडकापासून वळविता येते. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली मंगळुरास प्रसिद्ध केलेल्या गळविद्येच्या इंग्रजी ग्रंथात महाशीराचा पराक्रम युरोपातील सामन माशाच्या तोडीचा ठरविला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा नदीत चढतो. त्याच्यासाठी काठी निवडतानाही लवता शेंडा आणि दणकट बुंधा हाच नियम पाळतात. त्या देशात १८४० नंतरच्या दशकात पेनसिल्व्हानियातील सॅम्युएल फिलिप नावाच्या कारागिराने बांबू चिरून, चिपा एकत्र चिकटवून काठी करण्याची रीत रुजविली. पुढे सहा चिपांची षट्कोनी काठी रूढ झाली. त्यासाठी लागणारा बांबू कलकत्ता बंदरातून जाई, आणि तो बहुधा मानवेलाच्याच जातीचा होता असे मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या ‘टोंकिन’ बांबूने त्यास मागे सारले. १९५० नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा काचतंतूच्या काठ्या आल्या, आणि त्यांच्यामागून कार्बनतंतूच्या.

या सर्व इतिहासात राजाचे नाव आहे, साहेबाचे आहे, परदेशी कारागिराचेही आहे. परंतु कोणत्या उतरणीवरचा वेळू भरीव निघतो हे ज्यांना पाहताक्षणी कळे, त्या कोरकू, बुरूड आणि भोई लोकांपैकी एकाचेही नाव ग्रंथात उतरले नाही. काठी बाजारात गेली. ज्ञान रानातच राहिले आणि जाणत्या माणसाबरोबर संपत गेले. आता मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यातील नद्यांत गळ टाकण्यास मनाई आहे, आणि महाशीर दुर्मिळ होत असता ती योग्यही आहे. परंतु वेळूची पारख टिकविण्यास कोणाची मनाई नाही. धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू तरुणांस बांबूकाम शिकविले जाते. तेथील एखाद्या म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून त्याची पारख कोणी त्याच्या नावानिशी लिहून घेतली, तर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी राजाने लिहावयास घेतलेले प्रकरण खऱ्या अर्थाने पुरे होईल.