मूळ बांधणीची मोटार कोणती?

मुंबई-ठाण्याकडे जिला लोक लाडानें ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती गाडी इटलीची कीं कुर्ल्याची, हा प्रश्न वरवर पोरकट दिसतो. परंतु जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत पंच गुणांची वही घेऊन तिच्यापुढें उभे राहतात, तेव्हां याच प्रश्नाच्या उत्तरावर बक्षीस अवलंबून असतें.

जुन्या गाड्यांचे वर्ग प्रथम वयावरून पाडले गेले. इंग्लंडांत १९३० सालीं ‘व्हेटरन कार क्लब’ व १९३४ सालीं ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला. या दुसऱ्या मंडळीनें पुढें १९३० च्या अखेरची मर्यादा कायम केली, आणि द्राक्षमद्याच्या व्यापारांतील ‘व्हिंटेज’ हें नांव मोटारींस चिकटलें. वय ठरविणें सोपें. तें कागदावर असतें. गाडी कारखान्यांतून जशी बाहेर पडली तशीच आज आहे काय, हें ठरविणें मात्र कठीण. अशा मूळ बांधणीच्या गाडीस अमेरिकेंत ‘स्टॉक’ म्हणतात.

या शब्दावरून पहिला मोठा तंटा तिकडेच झाला. १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें केवळ मूळ बांधणीच्याच गाड्यांची म्हणून एक शर्यत झाली. ग्लेन डनवे याची फोर्ड पहिली आली. तपासणी होतां तिच्या मागील स्प्रिंगा फेरफार केलेल्या आढळल्या. चोरटी दारू लादून भरधांव पळणारे लोक आपल्या गाड्यांवर अशीच करामत करीत! पंचांनीं डनवेस बाद ठरवून लिंकन चालविणाऱ्या जिम रोपरला विजयी केलें. फोर्डचा मालक न्यायालयांत गेला, पण त्याचा दावा टिकला नाहीं. लिहिलेला नियम पाळला जातो, हें त्या दिवशीं लोकांस कळलें, आणि शर्यतींस प्रतिष्ठा आली.

प्रदर्शनांत वेगाऐवजीं रूप पाहतात. अमेरिकेंतील १९३५ सालच्या ‘अँटीक ऑटोमोबाइल क्लब’चे पंच ४०० गुणांपासून आरंभ करतात व दोष दिसेल तसे गुण वजा करतात. कारखान्याच्या सूचीपत्रांत असलेलें जोडसामान मात्र तेथें क्षम्य असतें. सूचीपत्र हेंच प्रमाण.

आपल्याकडे अडचण येथेंच सुरू होते. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट ११०० निघूं लागली. १९६४ सालीं तिचें ‘डिलाइट’ हें रूप आलें, १९७४ सालीं तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. इटलींतील ११०० डी गाडीचें इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचें होतें. कुर्ल्याच्या गाडीचें १०८९. इटालियन सूचीपत्र हातीं धरणारा पंच कुर्ल्याची एकूणएक गाडी बनावट ठरवील. तेव्हां गाडी ज्या कारखान्यांत जन्मली त्याचाच दाखला मानणें न्यायाचें होय.

आतां सरकारनेंहि या वादांत उडी घेतली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षें झालेली, मूळ स्वरूपांत राखलेली, सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत भरीव बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये लागतात व ती १० वर्षें टिकते. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन वा फेरीसाठीं रस्त्यावर आणावी; रोजच्या कामास नव्हे. पूर्वीं नोंद झालेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. नव्यानें नोंदविलेल्या गाडीच्या क्रमांकांत ठाण्याचे ०४ किंवा कल्याणचे ०५ हे अंक नसतात, त्यांच्या जागीं ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात.

या व्याख्येचा जाच खरोखर कोणाला होतो? आयातीचे निर्बंध कडक असतां सुटे भाग मिळेनात, तेव्हां पुष्कळांनीं जुन्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनें बसविलीं. त्यामुळेंच त्या भंगारांत गेल्या नाहींत. ज्यानें गाडी झांकून ठेवली तो अस्सल, आणि ज्यानें ती चालती ठेवली तो बाद, असा हा उफराटा प्रकार आहे. दिशादर्शक दिवे, डिकींतील गॅसची टाकी यांसारख्या काढतां येण्याजोग्या वस्तूंस एक माप आणि कापलेल्या सांगाड्यास दुसरें माप लावलें, तर बरीच कुरकुर थांबेल.

टॅक्सींची कथा तर निराळीच. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली व २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं सेवेंतून बाद झाली. पन्नाशी गांठण्यास तिला अद्याप तीस वर्षें हवी होतीं.

कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यांतून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत थोडीं वर्षें पूझो ३०९ ही गाडी निघाली. १९९७ सालीं पूझो कंपनीनें अंग काढून घेतलें. या गाड्यांची पन्नाशी २०४० नंतर भरेल. त्या वेळीं मूळ रंग कोणता, आंतील कापड कोणतें, हें सांगावयास कारखान्यांतील माणसें कोठून आणावयाचीं? ज्यांच्या घरीं खरेदीची पावती व गाडीबरोबर आलेली पुस्तिका कपाटांत पडून असेल, त्यांनीं ती रद्दींत घालूं नये. पंचांपुढें तोच पुरावा होणार आहे.