उंबरा, पावडी आणि चाकाची खुर्ची

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण विषय आपल्या लातूर-नांदेडकडचा आहे. सवडीने वाचा.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला घरच्या घरी एखादं वर्कशॉप टाकून द्यायचं ठरलं की आपण आधी मशीनची किंमत काढतो. शिलाई मशीन कितीला, मोटार वाइंडिंगचं सामान कितीला, मोबाईल दुरुस्तीचा संच कितीला. मशीन येतं, हार-नारळ होतो, फोटो निघतो. मग कळतं की ज्या खोलीत मशीन ठेवलंय तिथं खुर्चीच जात नाही. उंबरा आडवा येतो, दार अरुंद आहे, आणि कसंबसं आत गेलं तरी खुर्ची वळवायला जागा नाही. चार महिन्यांनी त्या मशीनवर धुणं वाळत असतं आणि लोक म्हणतात, "दिलं होतं हो सगळं, पण त्यानेच मन लावलं नाही."

त्याच्या मनाचा यात काही दोष नाही. दोष घराच्या मापात आहे, आणि त्या मापालाही इतिहास आहे.

आपल्या गावांत घर आणि कारखाना असे वेगळे नव्हतेच. सुताराचं काम अंगणात, शिंप्याचं ओसरीवर, विणकराचा माग घरातच. वाड्याच्या ढाळजेत बसून निम्मं गाव काही ना काही करत असायचं. म्हणजे घरी बसून कमावणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पण ही सगळी कामं नीट आठवून बघा. सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायाने दाबून धरतो, मग त्यावर वाकस चालते. जोडे शिवणारा जोडा दोन पायांच्या मधे धरतो. विणकर पायाखालच्या पावड्या दाबतो तेव्हा सूत वर-खाली होतं. पायाची शिलाई मशीन तर नावातच पाय घेऊन आली. आपल्या कारागिरीत पाय हा फुकटचा शिकंजा आहे आणि फुकटची मोटारही आहे. त्यामुळे इकडे ज्याचे पाय गेले त्याचं चालणं तर गेलंच, त्याच्या हातात असलेला धंदाही अर्धा गेला. हात शाबूत असून तो रिकामा बसला.

गंमत म्हणजे चाकाची खुर्ची स्वतः घरच्या वर्कशॉपातच जन्मली. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ नावाच्या गावात स्टेफान फार्फलर हा घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हतं. १६५५ मध्ये त्याने हाताने फिरवायची तीनचाकी गाडी स्वतःच बनवली. घड्याळाची दातेरी चाकं त्याच्या रोजच्या हाताखालची, तीच अक्कल त्याने गाडीला लावली. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर हँडल फिरवत जाणारी तीनचाकी सायकल ही त्याच गाडीची नात. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी लोखंडी नळ्यांची घडीची खुर्ची बनवली. एव्हरेस्ट हे खाणीतल्या अपघातात मणका मोडलेले इंजिनीअर, आणि जेनिंग्ज त्यांचे मित्र. खुर्ची तयार झाली ती गॅरेजमध्ये. आजही दवाखान्यात दिसणारी घडीची खुर्ची त्याच नमुन्याची आहे.

त्या काळापर्यंत मणका मोडलेला माणूस फार दिवस जगतच नसे. लघवीचा जंतुसंसर्ग आणि एका जागी पडून झालेल्या जखमा त्याला घेऊन जायच्या. इंग्लंडमध्ये १९४४ साली लुडविग गुटमन या डॉक्टरांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात हे बदलायला घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, स्वच्छता कडक ठेवायची, आणि माणूस जरा सावरला की त्याला सुतारकामाला, घड्याळ दुरुस्तीला बसवायचं. काम हा त्यांच्या लेखी औषधाचाच भाग होता. तिथल्याच खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. खेळ आपल्याला माहीत झाले, वर्कशॉप मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट त्याही आधी सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेलं. हेतू सरळ होता: पेन्शन तर द्यायचीच, पण हातात धंदाही द्यायचा. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये खडकीतच स्वतंत्र पुनर्वसन केंद्र सुरू झालं. त्याआधी १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. त्या स्वतः कोवळ्या वयापासून खुर्चीवर. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलेलं असेल. संस्थेने सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं काम उभं केलं, तेही खुर्चीवरच्या माणसांना करता येईल असं.

या सगळ्या कामाला हात जोडूनच पुढचं बोलतो. हे सगळं कुठं झालं? मुंबई, पुणे, कोल्हापूर, सिंधुदुर्ग. आपल्याकडच्या माणसाने तिथं जायचं म्हणजे तीनशे ते सहाशे किलोमीटर. तिथं वसतिगृहात राहून तो शिकतो, कारण तिथं उतार आहे, रुंद दार आहे, योग्य उंचीचं टेबल आहे. शिकून तो गावी येतो तेव्हा घर पूर्वीचंच असतं. प्रमाणपत्र आत जातं, खुर्ची बाहेर राहते.

आता आपल्या घरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी. वेगळं सांगायला नको. जवळपास आठ हजार माणसं गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. आपली जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडावर मातीचं माळवद. माणसं झोपेत होती आणि ते सगळं अंगावर आलं. अशा पडझडीत पाठीचा कणा आणि पाय यांनाच मोठा मार बसतो. त्या एका पहाटेने या भागात कायमचं अपंगत्व आलेली माणसं मागे ठेवली.

त्यानंतर लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. एवढी घरं एकदम, एका योजनेत, कोऱ्या जमिनीवर बांधायची संधी क्वचितच मिळते. घरं भूकंपाला टिकतील अशी बांधायची हा धडा आपण घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. पण कुणाला किती मोठं घर, हे ठरलं शेतजमिनीवर. भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. सातबारा बघून घराचं माप निघालं. घरात कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हा रकाना त्या हिशोबात नव्हता.

अपंग व्यक्तींचा पहिला मोठा कायदा झाला १९९५ मध्ये आणि लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ ला. म्हणजे भूकंप आधी, कायदा नंतर. दोन वर्षांचा तो फरक आपल्याला महाग पडला. आणि ज्याला जमीन नाही त्यालाच घरबसल्या धंद्याची सगळ्यात जास्त गरज, तर त्यालाच सगळ्यात लहान घर मिळालं. नव्या घरांना लोकांनी पुढे पत्र्याचे शेड जोडले. धंदा काढायचा तर तो त्या पत्र्याखाली. पण मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्याचं अंग थंड होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्याखाली दुपारभर बसणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मग या माणसांनी केलं काय? नव्वदच्या दशकातले पिवळे एसटीडी-पीसीओ आठवा. बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. औसा, निलंगा, अहमदपूर, कंधार, देगलूर, कुठंही जा, स्टँडजवळ तीनचाकी लावलेली आणि काचेच्या खोक्यात मीटर बघत बसलेला माणूस. या बूथनी किती घरं चालवली! मोबाईल आला आणि दहा-बारा वर्षांत बूथ संपले. नंतर झेरॉक्स, मग ऑनलाइन फॉर्म. आता सरकार बॅटरीवर चालणारं फिरतं दुकान देतं. ज्याला मिळालं त्याचं भलंच झालं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट तीच राहिली. सरकारने दिव्यांग माणसाला कायम गल्ल्यामागे बसवलं. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकायला. स्वतः काही बनवायला बसव म्हणून कुणी त्याला बाक दिला नाही. आणि तंत्रज्ञान बदललं की पहिला घाव गल्ल्यावरच पडतो, हे पीसीओने दाखवून दिलंय. हातातलं कसब इतक्या लवकर जात नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत हाताच्या कामाची परंपरा काही लहान नाही. राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड उदगीरला विणलं जातं आणि ध्वज तयार होतो नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. या समितीमागे स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा आहे. सूत कातणं, विणणं, शिवणं. यातल्या मागाला पाय लागतात, पण कातायला आणि शिवायला हात पुरतात. शिलाई मशीनला मोटार बसवली तरी तिचा वेग पायाच्या पॅडलवर असतो. ते पॅडल उचलून टेबलावर कोपराखाली ठेवा, काम होतं. एवढीशी युक्ती आहे, पण मशीन वाटपाच्या कार्यक्रमात ती कुणी सांगत नाही.

म्हणून मापं लिहून ठेवतो. ज्याला गरज आहे त्याने गवंड्याला दाखवावीत.

दार ३ फूट मोकळं हवं, उंबरा नको. आत कुठंतरी ५ फूट बाय ५ फूट जागा रिकामी ठेवा, खुर्ची वळवायला. जोतं जितकं उंच त्याच्या बारापट लांब उतार, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट. गल्लीत तेवढी जागा नसते, तेव्हा भिंतीच्या कडेने वळवून न्या आणि वळणावर सपाट जागा सोडा. दारापुढच्या नालीवरची फरशी रुंद आणि पक्की हवी, नाहीतर वरचं सगळं वाया. टेबल अडीच फुटांच्या आसपास उंच, खाली गुडघ्यांसाठी सव्वादोन फूट मोकळं, ड्रॉवर नको. पायाचा शिकंजा गेला म्हणून टेबलाच्या कडेला लोखंडी वाईस पक्का बोल्ट करा, ही जास्तीची चैन समजू नका. हत्यारं आणि बटणं जमिनीपासून दीड ते चार फुटांच्या आत. सोल्डरिंग किंवा वेल्डिंगचं काम असेल तर मांडीवर जाड चामड्याचं आवरण हवंच, कारण ठिणगी पडली तरी त्याला चटका कळत नाही. बुडाखाली चांगली गादी हवी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायची सवय हवी. वर पत्रा असेल तर खाली छत मारा, कूलरची सोय करा.

यातल्या बहुतेक गोष्टी घर बांधतानाच केल्या तर फुकटात किंवा थोडक्यात होतात. चौकट अडीच फुटांची बसवायची की तीन फुटांची, हा निर्णय एका सकाळचा असतो. नंतर भिंत फोडायची म्हटली की हजारोंचा खर्च.

आज गावोगावी घरकुलं चालू आहेत. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान माप २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. किल्लारीच्या सगळ्यात लहान घरापेक्षा वीस फूट जास्त. तीस वर्षांत आपण एवढंच पुढे आलो. पण कायदे मात्र आता आधी झालेले आहेत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि घरांच्या योजनांत ५ टक्के आरक्षण सांगतो. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. बऱ्याच ठिकाणी तो थोडा थोडा वाटून संपतो किंवा नुसता पडून राहतो. त्याच पैशात दरवर्षी दोन घरांचे उंबरे निघू शकतात, उतार होऊ शकतो, एक बाक आणि एक वाईस येऊ शकतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा. यंदाच्या घरकुल यादीत खुर्चीवरची किती माणसं आहेत? आणि त्यांच्या घरांची चौकट अजून बसायची आहे का? बसायची असेल तर त्याच आठवड्यात गवंड्याला भेटा. सिमेंट वाळायच्या आत बोललेलं बरं.